भावाचा डोळा खाली सरकलाय, रिपोर्टमध्ये म्युकोसील लिहिलंय: हे का होतं आणि शस्त्रक्रियेत नेमकं काय करतात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भाऊ ४६ वर्षांचा आहे. वर्षभरात त्याचा उजवा डोळा हळूहळू खाली आणि बाहेरच्या बाजूला सरकलाय. दुखत नाही, नाक वाहत नाही, पण वर बघताना एकाचे दोन दिसतात. सीटी स्कॅनमध्ये उजव्या फ्रंटल, म्हणजे कपाळातल्या, सायनसमध्ये म्युकोसील आणि डोळ्याच्या खोबणीचं छत झिजलेलं दिसतंय. २० वर्षांपूर्वी अपघातात त्याच्या कपाळाचं हाड मोडलं होतं. हा कॅन्सर आहे का, औषधांनी जाईल का, सुईने पाणी काढून भागेल का, कपाळ उघडावं लागेल का आणि ऑपरेशननंतर पुन्हा होईल का, असं तुम्ही विचारलंय.

आधी सरळ उत्तरं देतो. म्युकोसील म्हणजे श्लेष्मा कोंडून फुगलेला सायनस, तो कॅन्सर नाही. औषधांनी तो जात नाही. बाहेरून सुई टोचून पाणी काढणं हा त्याचा उपाय नाही, आणि कुणी सुचवलं तरी करू नका. ऑपरेशन लागेल. ते बहुतेकदा नाकातूनच, दुर्बिणीने होतं. एकाचे दोन दिसू लागलेत म्हणजे घाबरून आज रात्री धावायची वेळ नाही, पण 'बघू सहा महिन्यांनी' म्हणण्याचीही नाही.

आता हे असं का, ते सांगतो, कारण म्युकोसील होतो कसा हे कळलं की त्याची शस्त्रक्रिया तशी का करतात ते आपोआप समजतं.

सायनस म्हणजे चेहऱ्याच्या हाडांमधल्या हवेच्या पोकळ्या. नाकाच्या आत जे ओलसर अस्तर असतं तेच पुढे या पोकळ्यांमध्ये पसरलेलं असतं. ते सतत थोडा थोडा श्लेष्मा तयार करतं, आणि त्यावरची सूक्ष्म लव तो श्लेष्मा सायनसच्या तोंडाकडे ढकलत नाकात आणून सोडते. ही लव उताराच्या दिशेने नाही, तर ठरलेल्या वाटेने काम करते. गालातल्या सायनसचं नैसर्गिक तोंड वरच्या अंगाला असतं, तरीही निरोगी माणसात तो सायनस चढ चढवून रिकामा होतो. अनेक वर्षं दुर्बिणीतून नाक बघतोय, पण या व्यवस्थेचं मला अजूनही नवल वाटतं.

कपाळातल्या सायनसची वाट मात्र पहिल्यापासूनच अडचणीची आहे. ती वाळूच्या घड्याळासारखी मध्ये निमुळती होते आणि दोन डोळ्यांच्या मधल्या एथमॉइड सायनसच्या छोट्या छोट्या पेशींच्या, म्हणजे हवेच्या कप्प्यांच्या, गर्दीतून नाकात उतरते. हाड मोडलं, व्रण आला, सूज कायमची राहिली, की ही वाट बंद होते. वाट बंद झाली म्हणून अस्तर आपलं काम थांबवत नाही. श्लेष्मा तयार होत राहतो, बाहेर पडत नाही, आणि पूर्ण सायनस एका अस्तर असलेल्या बंद पिशवीसारखा भरून जातो. हा म्युकोसील.

नुसती वाट बंद होणं पुरेसं नसतं, हेही लक्षात घ्या. बंद सायनस असलेली माणसं खूप असतात, त्यातल्या थोड्यांनाच म्युकोसील होतो. फरक पडतो तो दाहामुळे. कोंडलेल्या अस्तरात दीर्घकाळ दाह राहिला की त्यातून प्रोस्टाग्लँडिन, इंटरल्युकिन यांसारखी द्रव्यं सुटतात आणि ती हाड विरघळवणाऱ्या पेशींना जागं करतात. म्हणजे हाड फक्त दाबाने झिजत नाही, रासायनिक क्रियेनेही विरघळतं. त्याच वेळी बाहेरच्या अंगाने नवं हाड घालण्याचा शरीराचा प्रयत्न चालू असतो. म्हणून सायनस फुग्यासारखा फुगतो आणि त्याची भिंत अंड्याच्या टरफलाइतकी पातळ होते. काही रुग्णांत कपाळाची सूज बोटाने दाबली की त्या टरफलाची करकर जाणवते. पुढे तेही उरत नाही आणि म्युकोसील थेट डोळ्याच्या किंवा मेंदूच्या आवरणाला टेकतो. 'हाड खाल्लं गेलंय' हे वाक्य रिपोर्टमध्ये वाचून घरच्यांच्या मनात कॅन्सर येतो, ते स्वाभाविकच आहे. पण इथे हाड खाणारी गाठ नसून कोंडलेला श्लेष्मा आणि त्याभोवतीचं दाह झालेलं अस्तर आहे.

भावाच्या बाबतीत २० वर्षांपूर्वीचं फ्रॅक्चर हेच कारण असण्याची शक्यता सर्वांत मोठी. इतक्या उशिरा कसं, असं सगळेच विचारतात. मार लागल्यापासून किंवा सायनसचं ऑपरेशन झाल्यापासून म्युकोसील दिसायला काही वर्षं ते काही दशकं लागू शकतात. तो इतक्या सावकाश वाढतो, की रुग्ण जुना अपघात सांगायचंच विसरतो. बाकी कारणांमध्ये जुनाट सायनसायटिस, पॉलिप म्हणजे अस्तराचे मऊ फुगवटे, ॲलर्जीतून वाढणारा बुरशीचा सायनसायटिस, वाट अडवणारा ऑस्टिओमा नावाचा हाडाचा साधा गोळा, हाडाच्या जागी तंतुमय ऊतक वाढणारा फायब्रस डिसप्लेशिया आणि क्वचित खरी गाठ ही येतात. कधीकधी काहीच कारण सापडत नाही. लहान मुलात म्युकोसील दिसला, विशेषतः दोन्ही बाजूंना, तर सिस्टिक फायब्रोसिस या घट्ट श्लेष्मा तयार होणाऱ्या आनुवंशिक आजाराची तपासणी केल्याशिवाय राहू नये.

आधीच्या शस्त्रक्रियेबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं, कारण हे कारण आम्ही डॉक्टरांनीच निर्माण केलेलं असतं. एके काळी गालाच्या सायनससाठी वरच्या ओठाखालून चीर देऊन आतलं सगळं अस्तर खरवडून काढत. कॅल्डवेल-ल्यूक नावाची ही शस्त्रक्रिया फार चालायची. अस्तर काढलेल्या पोकळीत व्रण तयार होतो, पोकळीचे कप्पे पडतात, आणि एखाद्या कप्प्यात अस्तराचा उरलेला तुकडा कोंडला गेला की अनेक वर्षांनी तिथे म्युकोसील उभा राहतो. जपानमध्ये ही शस्त्रक्रिया मोठ्या प्रमाणावर झाल्याने तिथल्या डॉक्टरांना गालातले असे म्युकोसील भरपूर पाहायला मिळाले. एरवी क्रम असा, की फ्रंटल सायनसमध्ये सर्वांत जास्त, मग एथमॉइडमध्ये, गालात कमी, आणि सगळ्यात मागच्या स्फेनॉइडमध्ये सर्वांत कमी.

म्युकोसील कुठे आहे यावर त्रास कोणता होणार ते ठरतं. कपाळातला डोळ्याला खाली आणि बाहेर ढकलतो, तुमच्या भावाचं अगदी तसंच आहे. एथमॉइडमधला डोळ्याला बाहेरच्या बाजूला सारतो, कधी अश्रूंची वाट दाबून डोळ्यातून पाणी गाळतो. गालातला गाल फुगवतो, डोळा वर उचलतो, दात हलवतो, गालावर बधिरपणा आणतो. या तिन्हींत नाकाची तक्रार नसणं अगदी नेहमीचं आहे. म्हणून हे रुग्ण आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जातात, आणि त्यांच्यापैकी ज्यांनी सायनसचा विचार करून सीटी काढायला पाठवलं त्यांचे आम्ही ऋणी असतो.

स्फेनॉइडचा म्युकोसील संख्येने कमी, पण मला सर्वांत जास्त धास्ती त्याचीच. हा सायनस कवटीच्या तळाशी, नाकाच्या पार मागे असतो. त्याच्या बाजूच्या भिंतीतून दृष्टीची नस आणि मेंदूला रक्त नेणारी मोठी धमनी जाते, आणि डोळा हलवणाऱ्या नसाही तिथूनच जवळून जातात. बाहेर सूज काहीच दिसत नाही. डोळ्यामागे किंवा डोक्याच्या मागच्या भागात खोल दुखत राहतं, रुग्ण वर्षानुवर्षं मायग्रेनच्या गोळ्या खातो आणि एक दिवस नजर धूसर होते किंवा डोळा एका बाजूला वळेनासा होतो. एथमॉइडच्या मागच्या पेशी स्फेनॉइडच्या वर पसरलेल्या असतील, ज्यांना ओनोडी पेशी म्हणतात, तर दृष्टीची नस त्यांच्या भिंतीतून जाते, तेव्हा तिथला छोटासा म्युकोसीलही नजर घालवू शकतो. नजर कमी होत असेल तर ऑपरेशन दिवसांत नव्हे, शक्य तितक्या कमी तासांत करावं लागतं. किती नजर परत येईल हे ऑपरेशनआधी किती शिल्लक होती आणि नस किती काळ दाबली गेली यावर अवलंबून असतं. ज्या डोळ्याला उजेडही कळेनासा झालाय, तिथे आशा फार कमी उरते.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण तुमच्यासारखे रिपोर्ट वाचून प्रश्न विचारणाऱ्यांत निम्म्यांना तरी खरं तर म्युकोसील नसतोच. गालाच्या सायनसच्या तळाशी घुमटासारखा गोल फुगवटा, वर हवा, भिंती जशाच्या तशा, आणि रिपोर्टमध्ये 'रिटेन्शन सिस्ट' असं असेल, तर तो अस्तरातल्या एका ग्रंथीचा साधा फुगवटा आहे. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या स्कॅनमध्ये तो वारंवार दिसतो, त्रास देत नाही आणि बहुतेकांना त्यासाठी काहीही करावं लागत नाही. म्युकोसील पूर्ण सायनस भरतो आणि हाडाला बाहेर ढकलतो. हे दोन वेगळे आजार आहेत. ओठाच्या आत होणारा म्युकोसील हाही वेगळाच, फक्त नाव सारखं.

तपासणीत सीटी आणि एमआरआय दोन्हींचं काम वेगळं आहे. हाड कुठे उरलंय, कुठे गेलंय, वाट कुठे अडलीय हे सीटी दाखवतो, आणि ऑपरेशनचा नकाशाही तोच. हाड डोळ्याच्या किंवा मेंदूच्या बाजूला नाहीसं झालं असेल तर एमआरआय हवाच. डाय दिल्यावर म्युकोसीलची फक्त कड उजळते, आतला भाग उजळत नाही; खरी गाठ आतून उजळते. गाठीने वाट अडवल्यामुळे तिच्या मागे म्युकोसील झाला असेल तर तेही यातून कळतं. एमआरआय वाचताना एक खाचखळगा आहे. श्लेष्मा जुना होऊन आटत जातो तसा त्याचा रंग बदलतो, आणि फार घट्ट झालेला श्लेष्मा इतका काळा दिसतो की सायनसमध्ये हवा आहे असं वाटावं. म्हणून एमआरआय एकटा वाचू नये, शेजारी सीटी लावूनच वाचावा.

आता शस्त्रक्रिया. जुन्या काळी विचार असा होता, की पिशवीचा कण न् कण काढला नाही तर आजार परत येणार. मग भुवईच्या आतल्या टोकापासून नाकाच्या बाजूने चीर देऊन, किंवा केसांच्या मागून कपाळाची कातडी खाली ओढून, हाडाची खिडकी उघडून अस्तर पूर्ण काढत आणि पोकळीत पोटाची चरबी भरत. त्यात व्रण, कपाळाचा बधिरपणा, आणि चरबीखाली राहून गेलेल्या अस्तरातून वर्षांनी पुन्हा म्युकोसील असे प्रश्न यायचे. भरलेल्या पोकळीत तो लवकर ओळखताही येत नसे.

विचार बदलला तो दुर्बिणीमुळे. १९८९ मध्ये नाकाचे सर्जन डेव्हिड केनेडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नाकातून दुर्बिणीने म्युकोसील उघडण्याचे अनुभव प्रसिद्ध केले, आणि पुढे हीच पद्धत जगभर रुळली. तिच्यामागची कल्पना अशी, की म्युकोसीलचं अस्तर हे शत्रू नाही. ते सायनसचंच मूळ अस्तर आहे, लव असलेलं. त्याला हवा मिळाली आणि वाट मोकळी झाली, की बऱ्याच अंशी ते पुन्हा कामाला लागतं. म्हणून आता आम्ही पिशवी काढत नाही. तिची नाकाकडची भिंत रुंद उघडून तिला नाकाचाच एक भाग करून टाकतो. याला मार्सुपियलायझेशन म्हणतात. भाऊ विचारेल, 'गाठ काढली का?', तर त्याला सांगा की काढायची नव्हती, तिला कायमचं दार करून द्यायचं होतं.

प्रत्यक्षात हे पूर्ण भुलेत होतं. नाकातलं अस्तर आकसवून घेतात, एथमॉइडच्या पेशी टप्प्याटप्प्याने उघडत डोळ्याची भिंत आणि कवटीचा तळ नीट ओळखतात, आणि मग म्युकोसीलची फुगलेली भिंत समोर येते. एका अर्थाने म्युकोसील सर्जनला मदत करतो, कारण फुगून तो स्वतःच वाट रुंद करतो आणि आपल्याकडे येतो. भिंत उघडली की पिवळट, हिरवट किंवा तपकिरी, कधी डिंकासारखा घट्ट श्लेष्मा बाहेर येतो. तो शोषून घेऊन जंतुतपासणीला पाठवतात, आणि भिंतीचा तुकडा बायोप्सीला. बायोप्सी शब्दाने घाबरू नका, पण ती करायलाच हवी, कारण वाट अडवणारी छोटी गाठ डोळ्यांनी ओळखता येईलच असं नाही.

कस लागतो तो दार रुंद ठेवण्यात. छोटं भोक पाडून श्लेष्मा वाहून गेला की रुग्ण खूश होतो, पण ते भोक व्रणाने बंद झालं की काही वर्षांनी आपण पुन्हा तिथेच. म्हणून उघडलेल्या जागेच्या कडेचं अस्तर जपायचं, हाड उघडं सोडायचं नाही, आणि जिथे वाट जुन्या फ्रॅक्चरच्या जाड हाडाने बुजलीय तिथे ड्रिल वापरून ती रुंद करायची. जर्मन सर्जन वुल्फगांग ड्राफ यांनी फ्रंटल सायनस किती उघडायचा याचे टप्पे ठरवून दिले, ते आजही वापरतात. सर्वांत मोठ्या टप्प्यात, म्हणजे ड्राफ तीनमध्ये, दोन्ही बाजूंचे फ्रंटल सायनस मधला पडदा काढून एकाच मोठ्या वाटेने नाकात उघडतात. जुनं फ्रॅक्चर किंवा आधी फसलेलं ऑपरेशन असेल तर कधीकधी हेच करावं लागतं.

कपाळ उघडावं लागेल का, हे म्युकोसील किती बाहेरच्या बाजूला आहे यावर ठरतं. तो नाकाच्या जवळ, आतल्या भागात असेल तर नाकातूनच पुरेसं होतं. डोळ्याच्या मध्यरेषेपलीकडे, कपाळाच्या बाहेरच्या कोपऱ्यात वेगळा कप्पा असेल, तर नाकातून हत्यारं तिथपर्यंत वळत नाहीत. मग भुवईत किंवा पापणीच्या घडीत छोटी चीर घेऊन वरून आणि नाकातून अशा दोन्ही बाजूंनी काम करतात. ही चीर भरल्यावर सहसा शोधावी लागते. कपाळाचं हाड पूर्ण उघडणं आता अगदी निवडक रुग्णांपुरतं उरलंय.

डोळ्याच्या छताचं हाड गेलंय, ते पुन्हा बसवणार का, हाही तुमच्या मनात प्रश्न असेल. बहुतेकदा बसवत नाहीत. जिथे हाड उरलं नाही तिथे म्युकोसीलचं अस्तर डोळ्याच्या किंवा मेंदूच्या आवरणाला चिकटलेलं असतं, आणि ते ओरबाडायचं नाही हा नियम आहे. ओरबाडलं तर मेंदूभोवतीचं पाणी नाकात गळू शकतं. दाब गेला की डोळा आपसूक मागे बसू लागतो, काही दिवसांत फरक दिसतो, आणि कित्येकदा कालांतराने हाडही पुन्हा आकार घेतं. एकाचे दोन दिसणं बहुतेकांचं हळूहळू जातं. फार जुना दाब असेल तर थोडं उरू शकतं, आणि त्यावर पुढे डोळ्यांचे डॉक्टर उपाय करतात.

सुईबद्दल ठाम नकार का दिला, तेही सांगतो. सुईने पाणी काढलं तरी वाट बंदच राहते, म्हणून ते पुन्हा भरतं, आणि स्वच्छ पिशवीत जंतू शिरायला वाट मिळते. त्याहून गंभीर म्हणजे कपाळावरची किंवा डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावरची सूज ही मेंदूच्या आवरणाचा फुगवटा नाही, हे स्कॅनशिवाय सांगता येत नाही.

म्युकोसीलमध्ये जंतुसंसर्ग होऊन पू झाला तर त्याला पायोसील म्हणतात. तेव्हा अचानक दुखू लागतं, पापणी लाल होऊन सुजते, ताप येतो. हे घडलं तर त्याच दिवशी दाखल व्हायचं. अँटिबायोटिक शिरेतून सुरू करतात, पण पू बाहेर काढावाच लागतो, नाहीतर तो डोळ्याच्या खोबणीत किंवा मेंदूकडे पसरू शकतो.

धोके लपवत नाही. रक्तस्राव, डोळ्याच्या खोबणीत रक्त साठणं, मेंदूचं पाणी गळणं, वास कमी होणं, आणि वाट पुन्हा आकसणं हे सगळं संमतिपत्रावर लिहिलेलं असेल आणि ते खरं आहे. अनुभवी हातात गंभीर गुंतागुंत क्वचित होते. डोळा आणि मेंदू उघड्यावर आहेत अशा रुग्णांत नेव्हिगेशन यंत्रणा, जी हत्याराचं टोक स्कॅनवर कुठे आहे ते दाखवते, फार उपयोगी पडते. ती उपलब्ध आहे का, आणि सर्जनने फ्रंटल सायनसची अशी किती कामं केलीत, हे विचारायला संकोच करू नका. मला कुणी विचारलं तर बरं वाटतं, कारण तो नातेवाईक नंतर तपासण्यांनाही नीट येणार हे कळतं.

नंतरच्या तपासण्यांवर मी इतका भर का देतो? नाकात खपल्या धरतात, आणि त्या दुर्बिणीतून साफ केल्या नाहीत तर दाराच्या कडा एकमेकींना चिकटतात. मिठाच्या पाण्याने नाक धुणं सर्जन सांगतील तेव्हापासून रोज, आणि सुरुवातीचे एक-दोन आठवडे नाक जोरात शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडून येऊ द्यायची. पुन्हा होण्याचं प्रमाण चांगल्या शस्त्रक्रियेनंतर कमी आहे, पण म्युकोसील सावकाश वाढतो म्हणून परत येतो तोही सावकाश. 'एक वर्ष झालं, ठीक आहे' एवढ्यावर थांबू नये. पुढची कित्येक वर्षं ठरावीक अंतराने दुर्बिणीतून दार उघडं आहे ना ते बघून घ्यावं.

भावाला घेऊन जाताना सीटीची सीडी न्या, फक्त रिपोर्ट नको. अपघाताच्या वेळचे कागद सापडले तर तेही घ्या, कपाळात प्लेट किंवा स्क्रू बसवले असतील तर सर्जनला आधीच कळायला हवं. गेल्या पाच-सात वर्षांतले समोरून काढलेले त्याचे फोटोही सोबत असू द्या, डोळा कधीपासून सरकतोय ते त्यातून बरंच कळतं. आणि आज घरी एवढं करा: त्याला एक-एक डोळा झाकून तेच पान वाचायला सांगा, मग एखादी लाल वस्तू दाखवा. उजव्या डोळ्याला अक्षरं धूसर किंवा लाल रंग फिकट वाटला, तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता आजच दवाखाना गाठा.